विश्लेषण : घोट्याजवळचे हाड मोडल्यावर ‘छोट्या छेदा’ची शस्त्रक्रिया कशी होते? त्यासाठी थांबावे का लागते?

पावसात दुचाकी घसरते आणि पाय गाडीखाली येतो. बांधावरून उतरताना पाय खड्ड्यात अडकतो आणि अंग पुढे झोकले जाते. बांधकामावरचा मजूर उंचावरून थेट टाचेवर पडतो. अशा वेळी नडगीचे हाड अनेकदा घोट्याच्या थोडे वर मोडते. एक्स-रेमध्ये तुटलेले हाड स्पष्ट दिसत असते, रुग्ण वेदनेने कळवळत असतो आणि डॉक्टर मात्र सांगतात, ‘आठ-दहा दिवस थांबू, सूज उतरू द्या.’ नातेवाइकांना ही टाळाटाळ वाटते. काही जण रुग्णालय बदलतात, काही जण हाडवैद्याकडे जातात. पण या जागी मोडलेल्या हाडाइतकीच महत्त्वाची असते ती त्यावरची कातडी. थांबण्याचा सल्लाही त्यामुळेच दिला जातो आणि छोट्या छेदातून प्लेट बसवण्याची पद्धतही त्यातूनच पुढे आली.

घोट्याजवळचा भाग इतका नाजूक का?

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड म्हणजे नडगी, अर्थात टिबिया. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड म्हणजे फिब्युला. शरीराचे बहुतेक वजन नडगीवरून घोट्याच्या सांध्यात उतरते.

नडगीवरून बोट फिरवत खाली आणले, तर आतल्या बाजूला हाड थेट कातडीखाली लागते. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते. इथे तशी गादी नाही. घोट्याजवळ येईपर्यंत पोटरीच्या स्नायूंचे रूपांतर दोरीसारख्या स्नायुबंधांत झालेले असते.

त्याचे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे मार बसला की तो कातडीलाही बसतो. आतून हाडाचे टोक आणि बाहेरून रस्ता, अशा कात्रीत कातडी सापडते. दुसरा परिणाम रक्तपुरवठ्याशी निगडित आहे. हाडाला रक्त आतल्या पोकळीतील वाहिनीतून मिळते, तसेच बाहेरच्या आवरणातूनही मिळते. हाड मोडले की आतला पुरवठा तुटतो आणि सारी भिस्त बाहेरच्या आवरणावर राहते. आसपास स्नायू नसल्याने हे आवरण खरवडले गेले, तर हाड जुळण्यास उशीर होतो किंवा ते जुळतच नाही.

सर्व फ्रॅक्चर सारखीच असतात का?

नाही. ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्यात हाड घोट्याच्या वर मोडते, पण सांध्याचा पृष्ठभाग शाबूत राहतो. दुसऱ्यात भेग सांध्यापर्यंत जाते. या दुसऱ्या प्रकाराला ‘पिलॉन’ फ्रॅक्चर म्हणतात. हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ खलातला बत्ता. फ्रेंच डॉक्टर एतिएन देस्तो यांनी १९११ मध्ये तो वापरला. उंचावरून पडल्यावर घोट्यातले हाड बत्त्यासारखे वर आदळते आणि नडगीच्या टोकाच्या ठिकऱ्या होतात.

पाय मुरगळून झालेले फ्रॅक्चर आणि वेगातल्या अपघातातले फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये सारखे दिसू शकते. पण कातडी आणि मांस यांचे नुकसान दोन्हींत वेगळे असते. भेग सांध्यात शिरली असल्याची शंका असेल, तर एक्स-रेसोबत सिटी स्कॅन केला जातो.

मोठा छेद घेतल्याने काय बिघडत होते?

स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली मॉरिस म्युलर, मार्टिन आल्गोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एओ’ हा अभ्यासगट स्थापन केला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या प्लेट-स्क्रूच्या पद्धतींचा पाया या गटाने घातला. हाडाचे तुकडे तंतोतंत जुळवावेत, घट्ट बसवावेत आणि सांधा लवकर हलवावा, असा त्यांचा आग्रह होता. रक्तपुरवठा जपण्याचेही तत्त्व त्यात होते. पण प्रत्येक तुकडा डोळ्यांनी पाहून जुळवायचा, तर लांब छेद घ्यावा लागे आणि हाडावरचे आवरण बाजूला करावे लागे.

थॉमस रुएडी आणि आल्गोवर यांनी १९६९ मध्ये पिलॉन फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियांचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे बरेचसे रुग्ण बर्फावर स्कीइंग करताना पडलेले होते. अशा पडण्यात पिळवटून हाड मोडते, पण कातडी तुलनेने बरी राहते. हीच पद्धत इतरत्र मोटार अपघातांत आणि उंचावरून पडलेल्यांत वापरली गेली, तेव्हा चित्र पालटले. टाके उसवणे, कातडी काळी पडणे, प्लेट उघडी पडणे, हाडात पू होणे असे प्रकार वाढले. काही रुग्णांना दुसऱ्या जागची कातडी आणि मांस आणून जखम झाकावी लागली, तर काहींना पाय गमवावा लागला. फ्रॅक्चर बसले, पण जखम भरली नाही, अशी ही स्थिती होती.

मग थांबायचे का आणि किती?

या अनुभवातून शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करण्याची रीत रुजली. १९९९ मध्ये अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या गटांनी तिचे निष्कर्ष मांडले. पहिल्या टप्प्यात पाय ताणून सरळ रेषेत आणतात आणि बाहेरून सळ्यांची चौकट बसवतात. तिला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. गरजेनुसार बाजूचे बारीक हाडही तेव्हाच बसवतात. सूज उतरल्यावर दुसऱ्या टप्प्यात मुख्य शस्त्रक्रिया होते. साध्या फ्रॅक्चरमध्ये चौकटीऐवजी प्लास्टरच्या पट्टीचा आधार पुरतो.

मार बसल्यानंतर पहिले काही दिवस सूज वाढत जाते. कातडी ताणून चकचकीत होते, तिच्यावर पाण्याचे किंवा रक्ताचे फोड येतात. अशा कातडीवर छेद घेतला तर टाके नीट जुळत नाहीत. थांबण्याचा काळ साधारण ७ ते १४ दिवसांचा असतो, मोठ्या दुखापतीत तो तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो.

दिवस मोजण्यापेक्षा कातडी पाहणे महत्त्वाचे. घोट्याजवळच्या कातडीवर बारीक सुरकुत्या पुन्हा दिसू लागल्या की सूज ओसरल्याचे समजतात. शल्यचिकित्सक पंजा किंचित वर वळवून या सुरकुत्या तपासतात. तोपर्यंत पाय उशांवर उंच ठेवणे, बोटे हलवत राहणे आणि साखर नियंत्रणात आणणे हेही उपचारच असतात.

‘मिपो’ म्हणजे काय?

‘मिनिमली इन्व्हेझिव्ह प्लेट ऑस्टिओसिंथेसिस’ या लांबलचक नावाचे ‘मिपो’ हे लघुरूप आहे. अर्थ सोपा आहे, मोडलेली जागा न उघडता प्लेट बसवणे. गेल्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत आकाराला आली. घोट्याजवळच्या नडगीसाठी अमेरिकी शल्यचिकित्सक डेव्हिड हेल्फेट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिची मांडणी केली. त्याच सुमारास जर्मनीत क्रिस्टियन क्रेटेक यांनी मांडीच्या हाडासाठी असेच तंत्र वापरले.

त्यानंतर आलेल्या ‘लॉकिंग’ प्लेटमुळे तिला बळ मिळाले. जुन्या प्लेटमध्ये स्क्रू आवळला की प्लेट हाडावर दाबली जाते आणि त्या दाबावरच ती टिकते. त्याने खालचे आवरणही चेपले जाते. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातील आट्यांत घट्ट बसतात. प्लेट हाडाला चिकटून दाबण्याची गरज राहत नाही. बाहेरची चौकट जणू कातडीच्या आत बसवावी, तसे तिचे काम चालते. वयोमानाने ठिसूळ झालेल्या हाडातही तिची पकड जुन्या प्लेटपेक्षा चांगली असते.

शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी होते?

बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्णाला अशा टेबलावर झोपवतात ज्यातून क्ष-किरण आरपार जातात. शेजारी सी-आर्म हे यंत्र असते. ते शस्त्रक्रिया चालू असतानाच पडद्यावर हाडाचे चित्र दाखवते.

आधी हाताने, किंवा टाचेच्या हाडात पिन घालून पाय ताणतात. त्याने नडगीची लांबी आणि रेष पूर्ववत होते. सर्वांत कसोटीचे काम हेच. हाड नीट रेषेत आले नाही, तर पुढची प्लेट ते वाकड्या स्थितीतच पक्के करते.

नंतर घोट्याच्या आतल्या बाजूस साधारण ३ ते ४ सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथून जाणारी मोठी शीर आणि तिच्या सोबतची नस जपावी लागते. कातडी आणि हाडाचे आवरण यांच्या मधून वरच्या दिशेने बोगद्यासारखी वाट केली जाते आणि घोट्याच्या आकारात वळवलेली प्लेट त्यातून सरकवली जाते. सी-आर्मवर तिची जागा पक्की केल्यावर वरच्या स्क्रूंसाठी अर्ध्या-एक सेंटिमीटरचे छेद घेतात. मोडलेल्या जागेवरची कातडी आणि आवरण शक्यतो न उघडताच राहते.

बारीक हाडही मोडले असेल, तर ते वेगळे बसवावे का, हे फ्रॅक्चर कसे आहे यावर ठरते. नडगीची लांबी मिळवण्यासाठी किंवा घोट्याचा सांधा स्थिर करण्यासाठी ते अनेकदा बसवावे लागते.

तुकडे जागच्या जागी न बसवता हाड जुळते कसे?

शस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेमध्ये तुकड्यांत फट दिसली की रुग्ण धास्तावतात. हाडाच्या मधल्या भागात प्रत्येक तुकडा तंतोतंत बसणे गरजेचे नसते. लांबी, रेष आणि पिळ बरोबर असला की पुरे. प्लेट पुलासारखी वरच्या आणि खालच्या भागाला धरते. मधल्या जागेत अगदी किंचित हालचाल राहते आणि तिच्याच चालनेने नवे हाड तयार होते. त्याला कॅलस म्हणतात. काही आठवड्यांनी एक्स-रेमध्ये तो ढगासारखा दिसू लागतो. ही हाड जुळण्याची नैसर्गिक रीत आहे. तुकड्यांचा रक्तपुरवठा शाबूत असला की ती चांगली चालते.

सांध्याच्या पृष्ठभागाला मात्र हा नियम लागू नाही. तिथे पायरी किंवा फट राहिली, तर पुढे सांधा झिजतो. म्हणून भेग सांध्यात असेल, तर तो भाग नीट दिसेल एवढा छेद घेऊन तुकडे बरोबर जुळवावेच लागतात. अशा फ्रॅक्चरमध्ये ‘छोटा छेदच हवा’ असा रुग्णाचा हट्ट त्याच्याच तोट्याचा ठरू शकतो.

प्लेट चांगली की रॉड?

दुसरा पर्याय म्हणजे गुडघ्याजवळून नडगीच्या पोकळीत रॉड घालणे. त्यातही मोडलेली जागा उघडावी लागत नाही. मात्र घोट्याकडे ही पोकळी रुंद होत जाते. त्यामुळे तिथे रॉड सैल पडून हाड तिरके बसण्याचा धोका असतो. फ्रॅक्चर सांध्याच्या फार जवळ असेल, तर रॉडच्या खालच्या स्क्रूंना पुरेशी जागाही मिळत नाही.

ब्रिटनमध्ये या दोन पर्यायांची थेट तुलना झाली. ३२१ प्रौढ रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या महिन्यात रॉडचे रुग्ण थोडे पुढे होते. पण सहा महिन्यांनी आणि वर्षाने दोन्ही गटांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय फरक उरला नाही. वर्षभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण प्लेटच्या गटात काहीसे जास्त होते. रॉडनंतर काहींचा गुडघा दुखतो, तर प्लेट काहींना कातडीखाली टोचते. म्हणजे सर्वांसाठी एकच उत्तर नाही. फ्रॅक्चरची जागा, कातडीची स्थिती आणि शल्यचिकित्सकाचा हातखंडा यांवर निवड ठरते.

न हललेल्या साध्या फ्रॅक्चरला केवळ प्लास्टरही चालते. त्यात बराच काळ सांधा बांधून ठेवावा लागतो आणि हाड सरकले तर नाही ना, हे एक्स-रे काढून पाहत राहावे लागते.

छोट्या छेदाच्या मर्यादा कोणत्या?

छेद छोटा असला, तरी ही शस्त्रक्रिया सोपी नाही. मोडलेली जागा प्रत्यक्ष दिसत नसल्याने हाड तिरके किंवा किंचित पिळलेले बसू शकते. त्यासाठी दुसऱ्या पायाशी तुलना करून पाहावे लागते. सी-आर्मचा वापर जास्त असल्याने क्ष-किरणांचा संपर्कही वाढतो. नसेला धक्का लागल्यास घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. जंतुसंसर्ग आणि हाड उशिरा जुळणे हे धोके कमी होतात, पण संपत नाहीत.

मधुमेह आणि तंबाखू हे धोके वाढवतात. धूम्रपानाने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळणे लांबते आणि जखम भरण्यास वेळ लागतो. शस्त्रक्रियेनंतर बिडी-सिगारेट बंद ठेवणे म्हणूनच औषधाइतके महत्त्वाचे आहे.

कोणत्या स्थितीत थांबणे धोक्याचे?

थांबण्याचा नियम बंद फ्रॅक्चरच्या मुख्य शस्त्रक्रियेपुरता आहे. हाड कातडी फोडून बाहेर आले असेल किंवा फ्रॅक्चरवर जखम असेल, तर ते उघडे फ्रॅक्चर ठरते. त्यात शक्य तितक्या लवकर प्रतिजैविके, धनुर्वाताची लस आणि शस्त्रक्रियागृहात जखमेची स्वच्छता आवश्यक असते. पाऊल थंड आणि फिके पडले असेल, तर रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी लागते. पाऊल जागेवरून सरकून कातडी आतून ताणली गेली असेल, तर ते लगेच सरळ करावे लागते.

आणखी एक धोका ‘कम्पार्टमेंट सिंड्रोम’चा. सुजेमुळे पोटरीच्या कप्प्यांतील दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्त मिळत नाही. औषध घेऊनही वाढत जाणारी असह्य वेदना, बोटे ताणताच जीवघेणी कळ, दगडासारखी टणक पोटरी आणि मुंग्या किंवा बधिरपणा ही त्याची लक्षणे. यात काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात, म्हणून तातडीने कातडी आणि कप्पे उघडून दाब मोकळा करावा लागतो. प्लास्टर घातल्यावर घरी अशी कळ सुरू झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

याच कारणासाठी ताज्या फ्रॅक्चरवर तेल चोळणे, ओढून बसवणे किंवा बांबूच्या काड्यांनी घट्ट आवळून बांधणे घातक ठरते. सुजलेल्या पायावर बाहेरून आवळ पडला, की आतला दाब आणखी वाढतो.

पायावर वजन कधी देता येते?

छेद छोटा म्हणजे चालणे लवकर, हा सर्वांत मोठा गैरसमज. टाके लहान असले, तरी हाड आपल्या गतीनेच जुळते. पायाची बोटे आणि शक्य असेल तर घोटा हलवण्यास पहिल्या काही दिवसांतच सुरुवात होते. वॉकर किंवा कुबड्या घेऊन, दुखरा पाय न टेकता चालता येते. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात.

सहा आठवड्यांच्या सुमारास एक्स-रेमध्ये कॅलस दिसला, तर थोडे थोडे वजन देण्यास परवानगी मिळते. पूर्ण वजन बहुधा तीन महिन्यांच्या आसपास. हाड पक्के होण्यास चार ते पाच महिने लागू शकतात, सांध्यातल्या फ्रॅक्चरला त्याहून अधिक. शेतकरी, मजूर, रिक्षाचालक अशांनी हा काळ धरूनच कामाची आणि पैशांची जुळणी करायला हवी. घाईने पाय टेकल्यास स्क्रू तुटतो किंवा प्लेट वाकते.

प्लेट काढलीच पाहिजे असे नाही. ती कातडीखाली टोचत असेल, बूट घासत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, बहुधा वर्ष-दीड वर्षाने काढतात.

खर्चाचे काय?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना एकत्रित राबवल्या जातात. त्यात प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ कागदपत्रांसाठी मदत करतो. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. आपले फ्रॅक्चर आणि त्यासाठी सुचवलेली प्लेट योजनेत बसते का, हे दाखल होतानाच विचारलेले बरे.

रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तिच्यात १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून ७ दिवसांपर्यंतच. घोट्याजवळच्या फ्रॅक्चरची मुख्य शस्त्रक्रिया अनेकदा त्यानंतरच होते. म्हणून या योजनेत दाखल झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी सात दिवसांनंतरच्या उपचारांची सोय पहिल्याच दिवशी विचारून ठेवावी.

डॉक्टरांना काय विचारावे?

भेग सांध्यात गेली आहे का? कातडी सध्या कशी आहे आणि शस्त्रक्रियेसाठी कशाची वाट पाहत आहोत? प्लेट, रॉड किंवा प्लास्टर यांपैकी या फ्रॅक्चरला काय योग्य आणि का? बारीक हाडही बसवावे लागेल का? वजन कधी देता येईल आणि कामावर कधी परतता येईल? या प्रश्नांची उत्तरे आधीच मिळाली, तर दहा दिवसांचे थांबणे दुर्लक्ष वाटत नाही आणि घाईने रुग्णालय बदलण्याची वेळही येत नाही.